दसरा चुकला, संक्रांतीला आली

आमच्या बँकेच्या शाखेच्या दारात रोज सकाळी बजाजची एक काळी ॲव्हेंजर मोटरसायकल येऊन थांबते. दोन्ही बाजूंना दुधाच्या रिकाम्या किटल्या, हँडलला अडकवलेली पिशवी, मागच्या सीटवर दोरीने बांधलेलं पेंडीचं पोतं. जाहिरातीत ही गाडी एकटा माणूस वाळवंटातल्या सरळसोट रस्त्यावरून पळवत असतो. आमच्याकडे तिच्यावरून म्हशीची पेंड जाते. तरीही ती तिथे उभी असली की माझं नोटा मोजणं चुकायचं. इंजिन काळं, सायलेन्सर काळा, चाकं काळी, आरशांच्या दांड्यासुद्धा काळ्या. दारात कुणीतरी गाडीची सावलीच उभी करून ठेवल्यासारखी.

एक दिवस पासबुक भरून देताना मी तिच्या मालकांना, दूधवाल्यांना विचारलं, "एकदा नुसती बसून बघू का हो?"

"बसा की मॅडम. गाडी काय खाती व्हय?"

मी किटल्यांच्या मधून पाय टाकून बसले आणि दोन्ही पाय जमिनीला लागले. टाचा जेमतेम अधांतरी, बाकी सगळा तळवा खाली. माझी उंची पाच फूट एक इंच आहे हे माहीत नसेल तर या वाक्यातला आनंद तुम्हाला कळायचा नाही. भावाच्या स्प्लेंडरवर माझे फक्त चवडे टेकतात, तेही एका वेळी एकाच बाजूचे.

मी सदतीस वर्षांची. साताऱ्यात राहते, मेढ्याकडच्या एका शाखेत कॅशियर आहे. जाऊन-येऊन पन्नासच्या घरात किलोमीटर, रोज. नऊ वर्षं हे स्कूटरवर केलं. स्कूटरविषयी माझी काही तक्रार नाही, तिने मला वेळेवर पोचवलं, भाजी आणली, एकदा तर शेगडीसुद्धा आणली. पण कण्हेरच्या पुढे पावसाळ्यानंतर रस्त्याचं जे काही उरतं, त्यावर ती छोटी चाकं प्रत्येक खड्ड्यात उतरून पाहणी करून मगच वर येतात. मोठ्या चाकांची गाडी हवी, असं मी चार वर्षं म्हणत होते.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं सांगायचं तर रंग आधी आवडला, बाकीची कारणं मागाहून गोळा केली. मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका जुळवून घेतात तसं.

आणि आवड तशी जुनीच. २००१ साली बजाजने कावासाकीच्या जोडीने एलिमिनेटर नावाची गाडी आणली होती, १७५ सीसीची. मी तेव्हा तेरा वर्षांची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर राहायचे, त्यांनी घेतली. सगळीकडे क्रोम, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, लोळत बसल्यासारखं बसायचं. रविवारी ते गाडी पुसत बसायचे आणि आम्ही पोरं ती बघत. तीच गाडी पुढे २००५ मध्ये बजाजची ॲव्हेंजर झाली. आधी १८० सीसी, मग २००, मग २०१० मध्ये २२०. अशा बुटक्या सीटच्या, पाय पुढे टाकून बसायच्या गाडीला क्रूझर म्हणतात, आणि इतकी वर्षं क्रूझर म्हणजे क्रोम, हे ठरलेलंच होतं. लग्नातल्या बँडवाल्यांच्या वाद्यांइतकं चकचकीत. मग २०१५ मध्ये त्यांनी तिचे दोन तोंडवळे केले. क्रूझ म्हणजे क्रोमवाली, उंच हँडलची, आणि स्ट्रीट म्हणजे क्रोम काढून काळी केलेली, आखूड हँडलची. रॉयल एनफील्डने २०१८ मध्ये थंडरबर्डची एक्स आवृत्ती काढली तीसुद्धा इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत काळी. ही चाल मुळात अमेरिकेतली. हार्लेने २००९ मध्ये आयर्न ८८३ अशीच काळी करून विकली. मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. क्रोम लावणं खर्चाचं, काळा रंग मारणं स्वस्तातलं. म्हणजे श्रीमंती काढून घेतली आणि लोक म्हणाले, व्वा, काय रुबाब आहे! मी त्या लोकांत पहिली.

आता सल्ले. पहिली गिअरची गाडी घेताय म्हटल्यावर साताऱ्यात सल्ल्याला तोटा नाही. पेट्रोल पंपावरच्या मुलापासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकच, "आधी स्प्लेंडर घ्या, हात बसला की मग मोठी." सल्ला चुकीचा नाही. स्प्लेंडर ११२ किलोची, माझ्या स्कूटरच्या जवळपास, पडली तरी उचलता येते, सुटे भाग पानपट्टीवरसुद्धा मिळतील. पण तिची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे. मला हवी होती त्या ॲव्हेंजर स्ट्रीट १६०ची, म्हणजे १६० सीसीवालीची, ७३७. मधले ४८ मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन इंच. पाच फूट दहा इंचांच्या माणसाला हे दोन इंच दिसतच नाहीत, म्हणून तो बिनधास्त सल्ला देतो. माझ्यासाठी मात्र सिग्नलला पाय टेकणं आणि सिग्नलला पडणं यांमधलं अंतर तेवढंच आहे.

आणि नवशिकी माणूस पळत्या गाडीवरून फारसा पडत नाही. तो पडतो थांबताना, वळताना, उतारावर गाडी मागे घेताना. वेग शून्याच्या आसपास असताना वजन एका बाजूला झुकलं आणि तिथे पाय पोचला नाही, की संपलं. म्हणून पहिल्या गाडीचं मी वजन नंतर पाहिलं आणि सीट आधी. क्रूझरला लोक मोठ्यांची गाडी समजतात, पण बुटक्या माणसाला तिच्याइतकी सोयीची रचना दुसरी नाही. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, दूधवाल्यांच्या किटल्यांमध्ये बसून कळलं.

रॉयल एनफील्डची मेटिओरही पाहिली. खोटं कशाला बोलू, मन तिच्यावरही गेलं होतं. ३४९ सीसी, सीट ७६५ मिलिमीटर, आणि इंजिनाचा तो संथ आवाज. २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४००० आरपीएमलाच, इंजिन फार न पळवताच मिळते, म्हणजे क्लच जरा वेडावाकडा सोडला तरी गाडी समजून घेते. नवशिक्याला हे फार मोलाचं. ॲव्हेंजर १६०चा टॉर्क याच्या निम्मा, १३.७, आणि तोही ७००० आरपीएमला. तिला कान पिळून चालवावं लागतं, चढावर गिअर उतरवावे लागतात. पण मेटिओर १९१ किलोची. ट्रायलला घेतली, सरळ रस्त्यावर लोण्यासारखी चालली. मग मी मुद्दाम ती थोड्या उतारावर तोंड खाली करून लावली आणि पायांनी मागे ढकलायला गेले. हलली नाही. पुन्हा जोर लावला. शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी मागून ओढली. आमच्या शाखेसमोरची पार्किंगची जागा नेमकी तशीच उताराची आहे. रोज संध्याकाळी मावशी कुठून आणायच्या? ॲव्हेंजर १५६ किलोची. स्कूटरपेक्षा पन्नासएक किलो जास्तच, पण घाम काढून का होईना, मागे येते.

ट्रायल घ्यायची तर अशी घ्या, एवढंच सांगेन. सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच असते.

पैशांचं बोलते, कारण तो माझा विषय. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या वरच्यांचा सेससकट ३१ होता तो ४० झाला. म्हणून ३४९ सीसीवाले लोक तेव्हा एवढे खुशीत होते. आमच्या स्टाफ रूममध्ये सगळे म्हणत होते, गाड्या दहा टक्क्यांनी उतरल्या. नाही हो. १२८ रुपयांची वस्तू ११८ला आली. म्हणजे ७.८ टक्के. मी हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा शाखाधिकारी म्हणाले, "तुम्हाला गाडी घ्यायचीय की ऑडिट करायचंय?" दोन्ही, साहेब.

गाडी ऑन-रोड दीड लाखाच्या आत बसत होती. पण त्याआधी शोरूमचं प्रकरण झालं. कोणतं शोरूम ते सोडा, तसे सगळीकडे भेटतात. दादा सोबत होता, नुसता सोबतीला. विक्रेत्या मुलाने पहिला नमस्कार त्याला केला, ब्रोशर त्याच्या हातात दिलं, "सर, ॲव्हरेज चांगलं देते" हे त्यालाच सांगितलं. दादा म्हणाला, "मला नाही, हिला हवीय." त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा दादाकडे, आणि विचारलं, "ताईंना झेपेल का? आपल्याकडे स्कूटरमध्ये खूप छान कलर आलेत." मी म्हटलं, मला एकच कलर हवाय. तर म्हणाला, "मॅडम, काळा जेन्ट्स घेतात." हे मला नवीन होतं. चंद्रकळा मग काय दादाने नेसायची?

गाडी दुसरीकडून घेतली. तिथे एक पोक्त गृहस्थ होते, त्यांनी मला आधी बसायला सांगितलं, मग हँडल पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितलं, आणि विचारलं, "डावा हात पोचतो का?" ताणून पोचत होता. "मग चालेल. तरी वळताना थोडं पुढे सरकून बसत जा." क्रूझरचे पायही पुढे असतात आणि हँडलही लांब, त्यामुळे बुटक्या माणसाचे पाय खाली टेकतात पण हात कमी पडू शकतात. सीटच्या उंचीच्या नादात मी हे तपासलंच नव्हतं.

आता घरचं. आईला गाडीबद्दल हरकत नव्हती, रंगाबद्दल होती. दसऱ्याला गाडी आणायची तर काळी कशी आणायची? झेंडूची माळ घालणार, आपट्याची पानं वाहणार, चाकाखाली लिंबू ठेवणार, आणि गाडी मात्र काळी कुळकुळीत? "लालमध्ये पण येते ना ती?" येत होती. मी म्हटलं, विठ्ठल कोणत्या रंगाचा आहे? आई म्हणाली, विठ्ठलावर बसून तू मेढ्याला जाणार नाहीयेस. या युक्तिवादावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

दसरा असाच गेला. पाडवाही गेला. तसंही माझं लायसन्स झालेलं नव्हतं, माझ्याकडे फक्त बिनगिअरचं होतं. लोकांना वाटतं दुचाकीचं लायसन्स म्हणजे झालं. नाही. गिअरच्या गाडीसाठी वेगळा वर्ग जोडून घ्यावा लागतो, त्यासाठी पुन्हा शिकाऊ लायसन्स, मग तीस दिवस थांबा, मग परीक्षा. सारथी पोर्टलवर अर्ज भरला आणि महिनाभर दादाच्या स्प्लेंडरचे हाल केले. आरटीओत आठचा आकडा काढायचा असतो, पाय न टेकवता. तोही स्प्लेंडरवरच काढला. ॲव्हेंजरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४८० मिलिमीटर, तिच्यावर आठ काढायला जागा थोडी जास्तच लागते. तेव्हा सल्ला देणाऱ्यांनो, स्प्लेंडरचं तुमचं अगदीच चुकलं नव्हतं. शिकायला ती, घ्यायला ही.

तोडगा शेवटी आजीने काढला. वय वर्षं शहाऐंशी, जेवणानंतर सुपारी कातरताना तिला चांगलं सुचतं. म्हणाली, "संक्रांतीला आण की. त्या दिवशी काळंच नेसतात." आई म्हणाली, संक्रांत काय मुद्दाम घरात आणायची? आजी म्हणाली, देवी वेगळी आणि म्हण वेगळी, आणि थंडीत काळं ऊब धरतं म्हणून नेसतात, त्यात अशुभ कसलं आलंय. फक्त दुसऱ्या दिवशी किंक्रांत, त्या दिवशी बाहेर काढू नकोस.

तर १४ जानेवारीला, बुधवारी, मी काळी साडी नेसून काळी गाडी घ्यायला गेले. साडी नेसून ती चालवता येत नाही, म्हणून घरापर्यंत दादाने आणली आणि मी मागे बसून आले, याचं मला अजून वाईट वाटतं. दारात आईने ओवाळलं. टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि काय सांगू, काळ्यावर ते कुंकू जे उठून दिसलं! आईलाही दिसलं. बोलली नाही काही, पण फोटो तिनेच काढला. आजी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आली. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तिची सवय, ती बोट काजळात बुडवून उभी, आणि म्हणाली, "अगं, हिला तीट लावायची कुठं?"

किंक्रांत पाळली. सोळा तारखेपासून शिकवणी सुरू.

गावाबाहेर एक एनए प्लॉटिंग आहे. डांबरी रस्ते, खांब, गेटवर नगराचं मोठं नाव, आणि घर एकही नाही. साताऱ्यातली निम्मी जनता तिथेच गाडी शिकली असावी. सकाळी साडेसहाला जायचं, दादा कठड्यावर बसून मोबाइल बघणार, मी गोल गोल फिरणार. स्प्लेंडरवर महिना काढलेला असल्याने क्लचची भीती उरली नव्हती. घात केला तो नऊ वर्षांच्या सवयीने. स्कूटरला डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. गिअरच्या गाडीला तिथे क्लच. चौथ्या दिवशी वळणावर एक कुत्रं आडवं आलं, आणि माझ्या डाव्या हाताने नऊ वर्षं जे केलं तेच केलं. पूर्ण दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी गाडी मोकळी सुटली. कुत्रं शहाणं, ते बाजूला झालं. मी मुरमाच्या ढिगात.

वेग सायकलइतकाच होता. गुडघा खरचटला, लेग गार्डने गाडी वाचवली, पण टाकीला खाली, उजव्या अंगाला, दोन बोटं लांबीचा ओरखडा आला. काळ्या रंगावर ओरखडा म्हणजे कसा, पाटीवर पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखा. मी घरी येऊन रडले. लागलं म्हणून नाही, चार दिवसांच्या गाडीसाठी. आजीने चष्मा लावून ओरखडा पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं. लागली तीट." तो अजून तसाच आहे. टचअपचं पेन आणून ठेवलंय, लावलं नाही.

त्यानंतर आठवडाभर मी एकच गोष्ट केली. मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगाने जायचं, दादा अचानक "थांब!" ओरडणार, आणि मी उजवा हात आणि उजवा पाय वापरून थांबायचं, डावा हात शेवटी. शंभरदा तरी केलं असेल. स्कूटरवरून गिअरकडे येणाऱ्या बायकांना कुणी हे सांगत नाही. सगळे क्लच कसा सोडायचा ते शिकवतात. डावा हात जुनी नोकरी विसरलाय की नाही, ते कुणी बघत नाही. गाडीला पुढच्या चाकाला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, मागे साधा ड्रम. पण हाताने ब्रेक दाबलाच नाही तर एबीएस तरी काय करणार?

काळ्या रंगाबद्दल आता चार महिन्यांनंतर बोलते.

काळा रंग मळखाऊ असतो, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांनी काळी गाडी कधी धुतलेली नाही. काळी पँट मळखाऊ, काळी पिशवी मळखाऊ. काळी गाडी म्हणजे धुळीची जाहिरात. जावळीतली तांबडी माती तिच्यावर अशी बसते की बोटाने सही करता येते, आणि शाखेतल्या शिपाईकाकांच्या नातवाने ती केलेली आहे. कोरड्या फडक्याने पुसली की बारीक चरे पडतात, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. आधी पाणी मारायचं, मग मऊ कापड. बोअरच्या पाण्याने धुतली आणि तशीच वाळू दिली की पांढरे डाग. पूर्ण मॅट काळी गाडी तर मी कुणालाच सुचवणार नाही. तिला पॉलिशही चालत नाही, घासाल तेवढीच जागा चकचकीत होऊन बसते.

ऊन. मार्चपासून दुपारी साडेपाचला बाहेर आलं की सीट तव्यासारखी. मी डिकीत, हो, डिकी नाहीच तिला, हा स्कूटरवाल्यांचा दुसरा धक्का. सॅकमध्ये मी एक जुना पांढरा टॉवेल ठेवते, सकाळी सीट आणि टाकीवर पसरते. रुबाब? एवढी काळीकुट्ट गाडी आणि वर आंघोळीचा टॉवेल. शेजारी किटल्यावाली उभी. आम्ही दोघी शोभतो.

पण सगळ्यात गंभीर गोष्ट या दोन्ही नाहीत. फेब्रुवारीतली. कारखान्यांचा हंगाम चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. मार्चअखेरची कामं म्हणून मला निघायला उशीर व्हायचा. काळी गाडी, काळं हेल्मेट, काळं जॅकेट, मी सगळं जुळवून घेतलं होतं हौसेने. एका संध्याकाळी शिपाईकाका एसटीतून उतरताना मला भेटले आणि म्हणाले, "मॅडम, मगाशी तुम्ही आमच्या मागनं आला आन् पुढं गेला, तर कोण दिसलंच नाही. नुसता दिवा गेला." पुढून हेडलाइट कायम चालू असतो, तो नियमच आहे. बाजूने आणि मागून मात्र मी नव्हतेच. उसाचा ट्रॅक्टर वळताना बाजूला बघतो, समोर नाही.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळ एका नंबर प्लेटवाल्याकडे जाऊन रेडियम लावून घेतलं. मागच्या मडगार्डवर लाल पट्टी, दोन्ही बाजूंना पिवळी, चाकांच्या रिमवर पांढरी. तो मुलगा हळहळला. म्हणाला, "ताई, लुक जातोय हो. त्यापेक्षा टेललाइटला काळी फिल्म लावू? इंडिकेटरला पण लावतात. फुल ब्लॅक." मी त्याला विचारलं, तू या फिल्मवाल्या गाडीच्या मागे रात्री कधी चालवली आहेस का? हसला. इंडिकेटर काळा करणं म्हणजे हाक मारताना तोंडावर हात ठेवणं. काळेपणाची हौस इंजिनावर करा, सायलेन्सरवर करा, दिव्यांवर नको. हेल्मेटही बदललं, आता पिवळंधमक आहे. दादा म्हणतो, लांबून लिंबू येताना दिसतं. बाकी चाकाखाली चिरडलेल्या लिंबापेक्षा हे लिंबू जास्त उपयोगी, असं माझं मत आहे.

क्रूझरची बैठक आरामाची, हे अर्धसत्य. सपाट रस्त्यावर खुर्चीत बसल्यासारखं. पण पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की पायांवर भार घेऊन उठता येत नाही. साध्या गाडीवर आपण नकळत जरा उचलतो ना, ते इथे होत नाही, सगळा दणका माकडहाडाला. शाखेच्या वाटेवरच्या प्रत्येक गतिरोधकाची मला आता जन्मतारीख माहीत आहे. आणि कुठला खड्डा कुठे आहे ते आधी बघून बाजूने जावं लागतं. स्कूटरवर मी खड्ड्यात उतरून शिव्या द्यायचे, आता आधी देते.

आईला एकदा यवतेश्वरच्या घाटाने कासला नेलं. ती एका बाजूला बसते, साडीत. मागची सीट लहान, टेकायला काही नाही, म्हणून तिने माझा खांदा असा धरला होता की दोन दिवस दुखला. दोघींचं वजन घेऊन १६० सीसी त्या चढाला दमते. तिसऱ्यावर रडायला लागली, दुसरा टाकला, मग शहाण्यासारखी चढली. मेटिओर असती तर तिसऱ्यावरच गेली असती, हे मला माहीत आहे. वर पोचल्यावर आई उतरली, पदर सारखा केला, गाडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "साडीगार्ड तरी चकचकीत द्यायचा की नाही यांनी?" तोही काळाच आहे.

परवा पहिला वळीव आला. कण्हेरच्या अलीकडे आभाळ असं भरून आलं की चारलाच दिवे लागले. थेंब टपोरे, डांबरावरून वाफा, आणि महिनोन्महिन्यांचं ऑइल वर येऊन रस्ता साबणासारखा. रेनकोट घरी. मी पुढचा ब्रेक न लावता हळूहळू गिअर उतरवत गाडी एका टपरीच्या पत्र्याखाली घेतली. तिथे आधीच सातआठ जण कोंबून उभे, कुणी कणसाचा दांडा चघळतंय, कुणी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालतंय. गाडीवरची सगळी तांबडी माती पावसाने धुऊन काढली होती आणि ती अशी काही काळीभोर दिसत होती की मी ओल्या पदराने नव्हे, ओल्या ओढणीने उगाचच टाकी पुसली. त्या ओरखड्यापर्यंत.

शेजारच्या आजोबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिवळ्या हेल्मेटकडे पाहिलं. आता झेपते का विचारणार, मी मनात उत्तर तयार ठेवलं.

"ॲव्हरेज किती देती वो?"

"बेचाळीस."

"बरं हाय," म्हणाले, आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली.